एका संज्ञेचे स्थलांतर : ‘प्रतिमान’ आणि शैक्षणिक संशोधन

थॉमस कून यांच्या ‘द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्यूशन्स’ (१९६२) या ग्रंथाने रूढ केलेली ‘पॅरडाइम’ म्हणजेच ‘प्रतिमान’ ही संज्ञा शिक्षणशास्त्रात आली आणि तेथे तिने पद्धतिचर्चेची भाषाच बदलून टाकली. संकल्पना एका ज्ञानशाखेतून दुसरीत जाताना काय गमावते, हा तौलनिक अभ्यासाचा प्रश्न या प्रवासालाही लागू पडतो.

संज्ञेच्या जन्मकथेतच एक विसंगती दडलेली आहे. १९५८-५९ मध्ये स्टॅनफर्ड येथे सामाजिक शास्त्रज्ञांच्या सहवासात असताना, ग्राह्य प्रश्न व पद्धती कोणत्या याविषयीचे त्यांच्यातील उघड मतभेद पाहून कून चकित झाले, असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. भौतिकशास्त्रात असे मतभेद एरवी का आढळत नाहीत, याचा शोध घेताना त्यांना प्रतिमानाची कल्पना सुचली. सामाजिक शास्त्रांत ज्याचा अभाव जाणवला, त्याचे हे नाव होय. शिक्षणशास्त्राने मात्र तेच नाव स्वतःमधील मतभेदांना दिले. एकमताची संज्ञा फुटीची संज्ञा झाली. अर्थात, दोष केवळ उसनवारी करणाऱ्यांचा नव्हे. मार्गारेट मास्टरमन यांनी १९७० मध्ये कून यांच्या ग्रंथात या शब्दाचे एकवीस अर्थ दाखवून दिले होते.

या अर्थांतराचे परिणाम गंभीर ठरले. लिंकन व गुबा यांच्या ‘नॅचरलिस्टिक इन्क्वायरी’ (१९८५) या ग्रंथात प्रत्यक्षार्थवादी आणि निसर्गलक्ष्यी अशा दोन प्रतिमानांची गृहीतके समोरासमोर उभी केलेली आहेत. यांत्रिक मोजमापाच्या वर्चस्वाला त्यांनी दिलेले आव्हान आवश्यक होते. परंतु पद्धतीची निवड अशा रीतीने प्रश्नावर अवलंबून न राहता निष्ठेची बाब होऊ लागते, आणि ‘आमचे प्रतिमान वेगळे’ हे उत्तर टीकेपासून बचावाची ढाल बनते. प्रत्यक्षात या सीमा इतक्या अभेद्य नव्हत्या. प्रायोगिक आराखड्यांचे प्रमुख भाष्यकार डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९६३ मध्ये स्टॅन्ली यांच्यासह एकल प्रसंगाभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी ठरविले होते. १९७५ मध्ये त्यांनीच या मताचा फेरविचार केला. त्याच वर्षी क्रॉनबॅक यांनी सामाजिक सामान्यीकरणे काळाच्या ओघात क्षीण होतात, असे प्रतिपादन केले. हे दोघेही मापनपरंपरेतलेच होते.

एन. एल. गेज यांनी १९८९ मध्ये २००९ सालातून मागे वळून पाहिल्याची कल्पना करून ‘प्रतिमानयुद्धां’चे तीन संभाव्य शेवट रेखाटले. प्रत्यक्षात निकालाचा प्रयत्न झाला तो अमेरिकी संघराज्याच्या २००१ च्या शिक्षण कायद्याने. त्यात ‘शास्त्राधारित संशोधना’ची व्याख्या करताना प्रायोगिक आराखड्यांना झुकते माप दिले गेले; २०१५ मध्ये तो कायदा बदलला. प्रश्नानुसार पद्धत ठरावी, हे राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अहवालाने २००२ मध्ये म्हटले खरे, पण विद्वानांनी आपसांत न सोडविलेला वाद तोवर कायद्याच्या भाषेत शिरला होता.

मराठीत ही गुंतागुंत आणखी वाढते. ‘अध्यापनाची प्रतिमाने’ या शब्दप्रयोगात ‘प्रतिमान’ म्हणजे अध्यापनाचा वापरण्याजोगा नमुना. कून यांच्या संज्ञेसाठीही तोच शब्द योजला की ज्ञानाची चौकट आणि वर्गातील साधन यांतील अंतर पुसले जाते. ते अंतर राखणे ही केवळ परिभाषेची शिस्त नाही. संशोधकाने आपला प्रश्न निवडला की केवळ आपला पक्ष, हे त्यावरूनच कळते.