रूथची निष्ठा

जुन्या करारांतील रूथचें पुस्तक अवघें चार अध्यायांचें, ८५ वचनांचें. जर्मन कवि गटे यासारख्या रसज्ञानें त्याची वाखाणणी केली, आणि धर्मोपदेशकांनीं तर रूथला आदर्श सून ठरवून टाकलें. ही स्तुति खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ती फार लवकर आटोपते, एवढेंच.

विधवा सासूला सोडून न जाण्याची रूथची प्रतिज्ञा सर्वांच्या स्मरणांत असते. त्या प्रतिज्ञेवर नामीनें काय उत्तर दिलें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. तिनें कांहींच उत्तर दिलें नाहीं. सुनेचा निश्चय ढळत नाहीं असें पाहून ती बोलावयाची थांबली. पुढें बेथलेहेमांत बायका भोंवतीं जमल्या, तेव्हां ‘देवानें मला रिकामी परत आणिली’ अशा अर्थाचा आक्रोश तिनें केला. शेजारीं रूथ उभी होती! जिच्यासाठीं देश सोडला, तिच्या हिशेबांत आपणांस जमेस धरलेलें नाहीं, हें ऐकूनहि ती माघारीं वळली नाहीं. (माघारीं वळलेल्या अर्पेस टीकाकार दोष देतात, ग्रंथकार देत नाहीं. सासूनें सांगितलें तेंच तिनें केलें.)

रूथ कांहीं न बोलतां कामास लागते. जवाच्या हंगामांत परक्याच्या शेतांत सरवा वेचते. शेताचा धनी बवाज तिला जेवावयास बसवून भाजलेले दाणे देतो. ती पोटभर खाते आणि उरलेले जपून सासूकरितां घरीं आणते. त्या उरलेल्या दाण्यांपुढें आम्हांस सारी प्रतिज्ञा फिकी वाटते. कीट्सनें नाइटिंगेल पक्ष्यावरील १८१९ च्या आपल्या काव्यांत रूथला परक्या शेतांत माहेरच्या ओढीनें रडत उभी केली आहे. चित्र हृद्य खरें. पण मूळ कथेंत रडणें आहे तें मवाबांतून निघतांना, वाटेवर. शेतांत तिला रडावयास सवड तरी कोठें होती?

तिच्या श्रद्धेचेंहि असेंच. प्रतिज्ञेंत आधीं सासूची सोबत, मग सासूचे लोक आणि त्यानंतर सासूचा देव. तो देव या कथेंत रूथशीं एक शब्दहि बोलत नाहीं. जिच्या हातून तिनें तो स्वीकारला, ती वृद्धा त्याच्याच विरुद्ध गाऱ्हाणें करीत होती. याहून कठीण श्रद्धा आमच्या वाचनांत नाहीं.

चौथ्या अध्यायानें मात्र आमचें समाधान होत नाहीं. वेशींतला व्यवहार पुरुषांचा. रूथ त्या अध्यायांत मुळींच बोलत नाहीं. तिला मुलगा होतो, तर शेजारणी म्हणतात, नामीला पुत्र झाला. मवाबी माणसास दहाव्या पिढीपर्यंत मंडळींत मज्जाव करणाऱ्या लोकांत तिचा पणतू दावीद राजा झाला, हें वंशावळींत सांगून ग्रंथ संपतो. नामी तिला ‘मुली’ म्हणून हांक मारते, तिच्या संसाराची काळजीहि वाहते, हें आम्ही विसरलों नाहीं. पण ही सून सात पुत्रांहून अधिक, असें शेवटीं म्हणतात त्या शेजारणी. नामीच्या तोंडीं ते उद्गार ग्रंथकारानें घातलेले नाहींत.