बहिःस्थांची पाली आणि सोळावा खंड

पाली हा विषय घेऊन बहिःस्थ विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसणारे आपल्या समाजात थोडे नाहीत. त्यांत प्राथमिक शिक्षक आहेत, एस.टी.चे वाहक आहेत, गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेल्या कामगारांची मुले आहेत. वर्गात न बसता, नोकरी सांभाळून, रात्री भाषा शिकणाऱ्या या मंडळींच्या जिद्दीचे कौतुक आपण वारंवार करतो. ज्या साधनांवर ती विसंबतात त्या साधनांची परीक्षा मात्र कोणी केल्याचे दिसत नाही. ती करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम 'गाईड'चा विचार करू. मी पदवीला असताना आमच्या महाविद्यालयात पाली शिकविणारे कोणी नव्हते. जे काही शिकलो ते आरंभी अशाच एका पुस्तकातून. त्यात मूळ उतारा, खाली मराठी भाषांतर आणि मग दहा संभाव्य प्रश्नांची उत्तरे असत. भाषांतर पाठ केले की उत्तीर्ण होता येई, आणि मी झालोही. पुढे विद्यापीठात गेल्यावर गुरुजींनी एका साध्या शब्दाची विभक्ती विचारली तेव्हा मी निरुत्तर झालो. हा दोष एका पुस्तकाचा नव्हता. त्या सबंध पद्धतीत पाली ही भाषा कोठेच नव्हती. होती ती पालीविषयीची मराठी उत्तरे.

याने बिघडते काय, असे कोणी विचारील. त्रिशरणच घ्या. त्यातील 'सरणं' हे द्वितीयेचे रूप आहे, आणि ज्याच्याकडे जायचे तो शब्दही द्वितीयेतच आहे. दोन द्वितीया एकत्र आल्या म्हणजे अर्थ होतो : अमुक हे माझे आश्रयस्थान मानून मी त्याच्याकडे जातो. मराठीत आपण 'शरण जाणे' म्हणतो, आणि मराठीत तर शत्रूलाही शरण जातात. शरणागतीचा, वाकण्याचा जो भाव मराठी शब्दाला चिकटला आहे तो पाली शब्दात नाही. तसेच पंचशीलातील 'समादियामि'. ते वर्तमानकाळी प्रथमपुरुषी एकवचनी क्रियापद आहे : मी अंगीकारतो. त्याचे कर्म 'सिक्खापदं', म्हणजे शिक्षणाचे पद. येथे आज्ञा देणारा कोणी नाही आणि आज्ञार्थही नाही. ज्या समाजाने १९५६ साली नागपुरात धम्म स्वीकारला तो वाकण्यासाठी नव्हे, हे आपण व्याख्यानांतून सांगतो; व्याकरण तेच एका रूपात दाखविते. गाईडमध्ये ते सापडणार नाही.

या पार्श्वभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखन आणि भाषणे या मालेतील सोळाव्या खंडाकडे पाहावे. महाराष्ट्र शासनाने तो १९९८ मध्ये, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर बेचाळीस वर्षांनी, प्रसिद्ध केला. त्यात पाली व्याकरण आहे, पाली-इंग्रजी कोश आहे, पाली शब्दांना इंग्रजी, मराठी, गुजराती आणि हिंदी प्रतिशब्द देणारा दुसरा कोश आहे आणि बौद्ध पूजापाठ आहे. हा खंड अनेक विहारांत मी पाहिला आहे, बहुधा कपाटात आणि बहुधा कोरा. आपण त्याला वंदन करतो, तो उघडत नाही.

माझ्या मते हा खंड भाषाशास्त्राचा स्वतंत्र सिद्धांत मांडणारा ग्रंथ म्हणून वाचू नये. तसा वाचला तर एखादा पंडित त्यात उणिवा काढील आणि आपण उगाच चिडू. तो विद्यार्थ्याची वही म्हणून वाचावा. एल्फिन्स्टन हायस्कुलात ज्या मुलाला संस्कृत घेता आले नाही, फारसी घ्यावी लागली, त्याने पुढे संस्कृत स्वप्रयत्नाने मिळविले आणि मग पालीकडे वळून शब्द न् शब्द मांडत नेला. आणि वही स्वतःपुरती असती तर एक भाषा पुरली असती. चार भाषांतील प्रतिशब्द मांडणारा माणूस आपल्यामागून येणाऱ्यांसाठी लिहीत असतो.

तथापि येथे एक सावधगिरी बाळगणे प्राप्त आहे. बाबासाहेबांनी स्वतः अभ्यास केला, म्हणून कोणालाही कोश आणि व्याकरण हाती दिले की पुरे, हा निष्कर्ष आपल्याकडे सर्रास काढला जातो. तो चुकीचा आहे. बाबासाहेबांजवळ अनेक भाषांची पूर्वतयारी होती आणि आयुष्यभर जमविलेला ग्रंथसंग्रह होता. कोश अर्थ सांगतो; वाचणाऱ्याने चूक केली तर तो गप्प राहतो. एकट्याने शिकणाऱ्याची खरी अडचण हीच असते.

धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' हे आत्मकथन या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. गोव्यातील साखवाळचा हा तरुण 'बालबोधमेवा' मासिकातील बुद्धचरित्र वाचून अस्वस्थ झाला. शिक्षण असे फारसे नव्हतेच, पण तो घरी बसून राहिला नाही. पुणे, काशी, नेपाळ असा हिंडत तो सिंहलद्वीपात पोहोचला आणि १९०२ मध्ये विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांजवळ राहिला. चूक दाखविणारा माणूस शोधण्यासाठी केलेली ही पायपीट होती. पुढे सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा पन्नास रुपयांच्या आधारावर ते महाराष्ट्रात परतले, आणि १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत ही त्यांची शिष्यमंडळी. एका भटक्या विद्यार्थ्यामागे शिकविणाऱ्यांची एक पिढी उभी राहिली. हे विद्वान आपल्या समाजातील नव्हते, ही गोष्ट मला खटकते. पण ती त्यांच्या दोषाची नाही.

सोलापूरच्या वाचकाला याहून जवळचे उदाहरण देता येईल. आपल्याच शहरातील जीवराज जैन ग्रंथमालेने 'तिलोयपण्णत्ती' हा प्राकृत ग्रंथ १९४३ आणि १९५१ अशा दोन भागांत, हिंदी अनुवादासह, काढला. संपादक आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन. एका व्यापारी गृहस्थाने आपली पुंजी अशा ग्रंथांकडे वळविली. आपल्याकडे तेवढी पुंजी नव्हती, हे खरे. परंतु त्रिपिटकाचे देवनागरी मूळ आज आपल्याला दुर्मिळ नाही. भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदेची ४१ खंडांची आवृत्ती १९५६ ते १९६१ या काळात निघाली; नंतर इगतपुरीचीही आली. उणीव आहे ती मुळाशेजारी बसून मराठीत रूप फोडून सांगणाऱ्या टिपांची. संस्कृत येत नाही म्हणून पाली येणार नाही, ही भीतीही अनाठायी आहे. 'हत्थ'चा हात, 'सत्त'चे सात, 'अट्ठ'चे आठ, 'खेत्त'चे शेत होताना मराठी माणसाला कोणाची चिठ्ठी लागत नाही. ज्या शहरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकू येते, तेथील मुलाला तर आणखी एका भाषेचे ओझे वाटू नये.

केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ मध्ये ऐच्छिक साहित्य विषयांतून पाली वगळली, तेव्हा आपल्याकडे रास्त संताप झाला. त्याच सुमारास अनेकांनी गाईडे रद्दीत घातली, हेही मी पाहिले. परीक्षेसाठी धरलेली भाषा परीक्षेबरोबर सुटली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीसह पालीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा पेढे वाटले गेले. मी त्या संध्याकाळी विहारात सोळावा खंड कपाटातून काढला. एका निवृत्त कामगाराने, वंदना पन्नास वर्षे म्हणणाऱ्याने, मला विचारले, "सर, 'दुतियम्पि'मधला तो 'पि' कशाला?" मी सांगितले की तो आपल्या मराठीतला 'ही' : दुसऱ्यांदाही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग 'ततियम्पि' मीच सांगतो."