गिळता न येणाऱ्या माणसाची नळी आणि पुराव्याची बेरीज

मागच्या व्याख्यानात आपण पुरावा म्हणजे काय, याची तात्त्विक चर्चा केली. आज एकच वैद्यकीय संशोधन घेऊ आणि ते तपासू. त्याचं नाव 'फूड ट्रायल'. एडिनबरोच्या डेनिस, लुईस आणि वॉर्लो यांनी ते चालवलं आणि २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलं. प्रश्न अगदी घरातला आहे. माणसाला पक्षाघाताचा झटका येतो, गिळता येत नाही. मग त्याच्या पोटात अन्न घालायचं कसं, आणि केव्हा?

वाटा दोन. एक, नाकातून जठरापर्यंत नळी. आपल्याकडे वॉर्डात तिला सगळे राइल्स ट्यूब म्हणतात. दुसरी, पेग. दुर्बीण तोंडावाटे जठरात उतरवायची, पोटावर लहानसा छेद घ्यायचा आणि नळी थेट जठरात बसवायची. क्लीव्हलँडच्या गॉडरर आणि पॉन्स्की यांनी १९८० साली ही पद्धत मांडली ती मुलांसाठी, पोट उघडण्याची मोठी शस्त्रक्रिया टळावी म्हणून. पुढे ती वृद्धांसाठी सर्रास वापरली जाऊ लागली.

आता १९९६चा एक लहान अभ्यास बघा. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला. झटक्यानंतर दोन आठवडे उलटूनही गिळता न येणारे ३० रुग्ण. सहा आठवड्यांत पेगवाल्या १६ जणांपैकी २ दगावले, नाकातल्या नळीवाल्या १४ पैकी ८. हे आकडे ऐकले की कुणीही म्हणेल, बाबांना पेगच बसवा!

इथे आपल्या न्यायदर्शनाची आठवण होते. जिथे अग्नी तिथे धूर, ही व्याप्ती खरी नाही. ओलं सरपण असेल तरच धूर. त्या ओल्या सरपणाला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. डॉक्टरांनी आपल्या मर्जीने धडधाकट रुग्णांना पेग दिलं, तर ते जगले कशामुळे? पेगमुळे, की मुळातल्या ताकदीमुळे? ही उपाधी काढून टाकायची म्हणून रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी करतात. १९९६च्या अभ्यासात तशी वाटणी होतीच. पण ३० चिठ्ठ्यांत योगायोगाला फार मोकळं रान मिळतं. म्हणून भूयोदर्शन हवं, पुष्कळ वेळा पाहणं हवं.

'फूड'ने तेच केलं. पेग विरुद्ध नाकातली नळी या भागात ३२१ रुग्ण होते. मृत्यूत जवळपास फरक नाही. पेगच्या गटात शंभरात एखादा जास्त, आणि तोही योगायोगाच्या कक्षेतला. मृत्यू किंवा गंभीर परावलंबन, असं एकत्र मोजलं तर पेगच्या गटात ७.८ टक्क्यांनी जास्त. दोन्ही अभ्यासांतले रुग्ण एकाच टप्प्यावरचे नव्हते, 'फूड'मध्ये ते बरेच आधी घेतले होते, हे लक्षात ठेवा. तरी त्या टप्प्यावर पेगची घाई करण्याचं कारण उरलं नाही. या प्रयोगाचा एक नियम मला फार आवडतो. कोणता उपाय बरा याबद्दल डॉक्टर स्वतः खरोखर साशंक असेल, तरच रुग्ण प्रयोगात घ्यायचा. संशयाला असा मान देणारी पद्धत तत्त्वज्ञानाच्या माणसाला जवळची वाटणारच.

पण माझी खरी हरकत दुसऱ्या भागावर आहे. तिथे ८५९ रुग्ण. एका गटाला लवकर नळी, दुसऱ्याला आठवडाभर तरी नळी नाही; त्यांना सलाइनसारखे द्रव चालू. सहा महिन्यांनी पाहिलं, तर लवकर नळी घातलेल्यांत मृत्यू ५.८ टक्क्यांनी कमी. हाही आकडा योगायोगाच्या कक्षेबाहेर गेला नाही. पण जगलेल्यांत अतिशय परावलंबी राहिलेले ४.७ टक्क्यांनी जास्त. म्हणजे मृत्यू आणि परावलंबन एकत्र केले, तर फरक उरतो अवघा १.२ टक्के.

आता ही बेरीज नीट बघा. तिच्यात मेलेला माणूस आणि अंथरुणाला खिळलेला माणूस एकाच खान्यात पडतात. हे कुठल्या तपासणीत सापडलेलं नाही. ते मोजणाऱ्यांनी आधी ठरवलेलं मूल्य आहे. संशोधकांनी निष्कर्षही असाच मांडला: मृत्यू कदाचित कमी होतील, पण त्या बदल्यात वाईट अवस्थेत जगणारे वाढतील. 'त्या बदल्यात' हा शब्दप्रयोग शास्त्राचा नाही. ह्यूमने सांगून ठेवलंय, 'आहे' यातून 'असावं' आपोआप निघत नाही.

कुणी म्हणेल, मग फक्त मृत्यूच मोजा. तोही मूल्यनिर्णयच की! जीव राहिला म्हणजे सगळं राहिलं, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. दुसऱ्याच्या हाताने उठणं-बसणं, अंथरुणातच सगळं होणं, हे एखाद्याला मरणाहून जड वाटेल. दुसरा म्हणेल, नातीचा आवाज कानावर पडतोय, पुष्कळ झालं. त्या दोघांसाठी एकच बेरीज कशी चालेल?

संशोधकांच्या बाजूने हे सांगितलंच पाहिजे की त्यांनी दोन्ही आकडे वेगवेगळेही छापले, लपवलं काही नाही. गफलत होते ती पुढे. निबंधातून गोषवारा, गोषवाऱ्यातून नियमावली, आणि शेवटी वॉर्डाच्या दाराशी घाईत बोललेलं एक वाक्य, 'फायदा नाही' किंवा 'फायदा आहे'. आपल्याकडे तर त्यात भर पडते, 'उपाशी ठेवणार का?' या प्रश्नाची. त्या प्रश्नापुढे आकडे बोलतच नाहीत, मुलगा मान खाली घालून सही करतो.

म्हणून सही करण्याआधी दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा. नळीने जगण्याची शक्यता किती वाढेल? आणि जगले तर बहुधा कोणत्या अवस्थेत? उत्तरं डॉक्टरांकडून घ्या. त्यांचं वजन मात्र त्या माणसाच्या आयुष्याकडे पाहून करावं लागेल, आणि त्याला स्वतःला काय चाललं असतं हे घरच्यांनी आधीच, तो बोलता असताना विचारलेलं असलं, तर ते काम थोडं सोपं होईल. झटका आल्यावर विचारायला उशीर झालेला असतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.