सासरचा परदेश : हरिप्रभा ताकेदा यांचे प्रवासवृत्त

परदेशगमनाची वर्णने लिहिणारे लेखक बहुधा विद्येसाठी, व्यवसायासाठी अथवा केवळ देश पाहण्यासाठी गेलेले असतात. सासूसासऱ्यांचे दर्शन घ्यावे एवढ्यासाठी समुद्र ओलांडणारी आणि तो प्रवास लिहून ठेवणारी स्त्री आपल्या वाङ्मयात सहजासहजी आढळत नाही. बंगालीत ती आहे.

ढाक्याच्या ब्राह्म कुटुंबातील हरिप्रभा मल्लिक यांचा विवाह तेथील साबणाच्या धंद्यात असलेल्या उएमोन ताकेदा या जपानी गृहस्थांशी झाला. ३ नोव्हेंबर १९१२ रोजी हे दांपत्य ढाक्याहून निघाले आणि कलकत्ता, रंगून, सिंगापूर, हाँगकाँग असे करीत १३ डिसेंबरला जपानच्या मोजी बंदरास लागले. हरिप्रभाबाईंचे वय तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. चार महिन्यांच्या मुक्कामाचा वृत्तांत ‘बंगमहिलार जापानयात्रा’ या साठेक पानांच्या पुस्तकात १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. रवींद्रनाथांचा पहिला जपानप्रवास १९१६ चा, हे ध्यानी घेतले म्हणजे या लहानशा पुस्तकाचे वेगळेपण लक्षात येते. सोमदत्ता मंडल यांच्या २०१९ च्या इंग्रजी भाषांतरामुळे बंगाली न जाणणाऱ्यांनाही ते आता वाचता येते.

रशियावरील १९०५ च्या विजयानंतर जपान हा आशियातील सुशिक्षितांच्या कौतुकाचा विषय झाला होता. साहजिकच घरांची रचना, पोशाख, जेवण, शाळा, स्त्रियांची उद्योगशीलता यांची माहिती या पुस्तकात बरीच आहे. ती उपयुक्त असली तरी या भागात प्रवासवर्णनाची टिपणवही होते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. एकामागून एक बाबी येतात, आणि वाचकाचे मन कशातच रमत नाही.

पुस्तक जिवंत होते ते पतीच्या घरी. वाटेतल्या बंदरांत हरिप्रभाबाई पाहणाऱ्या होत्या. येथे त्याच पाहण्याचा विषय होतात. ‘इंदोजिन’ म्हणजे हिंदुस्थानची बाई आली आहे, हे कळताच लोक गर्दी करतात, वृत्तपत्रांतही वार्ता येते. सामान्य प्रवासी कंटाळला तर खोलीचे दार लावून घेईल; सुनेला ते कसे करता येणार? त्यात भाषेची अडचण. परभाषी घरातून आलेली सून पहिल्या महिन्यात प्रत्येक गोष्टीला हसून मान डोलावते, हे इंदूर-बडोद्याच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

येथे पंडिता रमाबाईंच्या अमेरिकेवरील १८८९ च्या ग्रंथाची आठवण होते. रमाबाई एका समाजाची परीक्षा करावयास बसल्या आहेत. निर्णय देणे हा त्यांचा अधिकार आहे आणि त्यांची वाक्ये तो ठामपणे बजावतात. हरिप्रभाबाईंना असा अधिकार नाही. सासरचे दोष काढावेत तर अमर्याद, फार स्तुती करावी तर खुशामत. या पेचातून त्यांची मितभाषी, काहीशी संकोची शैली घडली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हा केवळ अननुभवी लेखणीचा परिणाम आहे, असा आक्षेप कोणी घेईल. त्यात थोडे तथ्यही आहे. निराधारांच्या आश्रमास साहाय्य व्हावे म्हणून छापलेल्या या पुस्तकाला वाङ्मयीन महत्त्वाकांक्षा अशी नव्हतीच. पण अलंकारांनी भरलेली कितीतरी प्रवासवर्णने आपण वाचून विसरलो आहोत. ही बावीस वर्षांची सून मात्र लक्षात राहते.

एक उणीव मनाला लागते. दोन भाषांच्या मध्ये उभा असलेला पती बऱ्याच वर्षांनी, परदेशी पत्नीसह आईवडिलांसमोर आला होता. त्याच्या मनात काय चालले होते, यासंबंधी लेखिका फारसे बोलत नाहीत. तो त्या काळचा संकोच असेल. तथापि कथेचे अर्धे नाट्य त्यामुळे पडद्याआड राहिले.

पुढे १९४१ मध्ये पतीसह त्या पुन्हा जपानला गेल्या, युद्धकाळात टोकियोच्या नभोवाणीवरून आझाद हिंदसाठी बंगाली बातम्या वाचल्या, आणि १९७२ मध्ये निधन पावल्या. त्यांच्या या पहिल्या पुस्तकाचा अनुवाद मूळ बंगालीवरून मराठीत व्हावा. इंग्रजीत पतीच्या आईवडिलांचे घर, असे फोडून सांगावे लागते. बंगालीत श्वशुरबाडी आणि बापेरबाडी असे जोडशब्द आहेत. मराठी अनुवादकास सासर आणि माहेर हे दोन शब्द आयतेच मिळतात.