मेथेनॉल आणि ‘शाश्वत’ हे विशेषण

कार्बनी संश्लेषणात एककार्बनी घटक म्हणून होणारा मेथेनॉलाचा उपयोग अलीकडे ‘शाश्वत’ या विशेषणासह वर्णिला जातो. या विशेषणाचे विशेष्य कोणते, हा प्रश्न रसायनशास्त्राइतकाच भाषेचाही आहे.

मूळ नावातच थोडी गफलत आहे. १८३४ साली द्यूमा व पेलिगो यांनी लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या या द्रवाचा अभ्यास करताना ‘मेथिलीन’ हा शब्द घडविला. त्यातील ‘मेथू’ म्हणजे मद्य. आपला ‘मधु’ त्याचाच सगोत्र. ‘ह्यूले’ हे पद मात्र त्यांनी लाकूड या अर्थी घेतले. ग्रीकांत ते अरण्य व द्रव्यसामग्री यांचेही वाचक आहे. तरीही ते नाव उगम सांगत होते. आज बहुतांश मेथेनॉल नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून सिद्ध होते.

प्रक्रियेचा गौरव अनाठायी नाही. मेथिल आयोडाइड वा डायमेथिल सल्फेट या घातक द्रव्यांऐवजी मेथेनॉल वापरता येते. उत्प्रेरक त्याच्याकडून हायड्रोजन उसना घेतो. उरलेल्या फॉर्माल्डिहाइडाशी अमाइन संयोग पावते. मग हायड्रोजन परत केला जातो आणि उपपदार्थ म्हणून केवळ पाणी उरते. ‘उसनवारी’ हा व्यवहारातला शब्द येथे तंतोतंत लागू पडतो. अर्थात मेथेनॉलाकडून हे उसने एथेनॉलाइतके सहज मिळत नाही, आणि इरिडियम, रुथेनियम हे धातूही स्वस्त नव्हेत. मँगनीज व लोह यांकडे संशोधक वळले ते यामुळेच.

परंतु हे सारे गुण प्रक्रियेचे होत. कार्बन कोठून आला, हे त्यांवरून कळत नाही. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यातील आसवन्यांचे उदाहरण घ्यावे. आंबवणीत १८० ग्रॅम ग्लुकोजपासून तत्त्वतः ९२ ग्रॅम एथेनॉल व ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. एवढ्या वायूचे ६४ ग्रॅम मेथेनॉल होऊ शकेल. मात्र त्यास १२ ग्रॅम हायड्रोजन लागेल. तो नैसर्गिक वायूपासून काढला, तर उसाच्या कार्बनाला खनिज इंधनाची जोड मिळाली. कोयनेच्या वा साताऱ्याच्या पठारावरील पवनचक्क्यांच्या विजेने पाण्यातून काढला, तर गोष्ट निराळी.

उत्प्रेरकाला हे दोन्ही रेणू सारखेच. उसाचा कार्बन व कोळशाचा कार्बन यांतील भेद कार्बन-१४ च्या मापनाने कळू शकतो. हायड्रोजनाचा उगम मात्र तेवढ्याने कळत नाही, तो लिहूनच ठेवावा लागतो. प्रबंधांतून मेथेनॉलाच्या शुद्धतेचे प्रमाण बहुधा आढळते. उगमाची नोंद क्वचितच.