मेल्या म्हशीचे मणभर दूध

परीक्षण लिहिण्यासाठी पुस्तक वाचावे लागते, असा एक गैरसमज आपल्याकडे उगाचच पसरलेला आहे. मी आज त्याच्याही पुढची मजल मारणार आहे. जो व्हिडिओ गेम बाजारात कधी आलाच नाही, त्याचे परीक्षण करणार आहे. बी.कॉम. होऊन काउंटरवर वीस वर्षे काढलेल्या माणसाला यात अवघड ते काय? खात्यात नसलेल्या पैशांचे चेक आम्ही रोज उलटसुलट करून बघतोच की!

गेमचे नाव ‘सॉनिक एक्स्ट्रीम’. सॉनिक म्हणजे जपानच्या सेगा कंपनीचा निळा हेजहॉग. दिसायला साळिंदराचा शहरात शिकलेला धाकटा भाऊ. १९९१ साली तो पहिल्यांदा पडद्यावर धावला आणि सेगाच्या घरी लक्ष्मी पाणी भरू लागली. त्याचा गुण एकच, वेग. आपल्याकडे सून जशी पायगुणाची असते, तसा तो पायाच्या गुणाचा.

पुढे कंपनीने ‘सॅटर्न’ नावाचे नवे यंत्र काढले. नाव शनीचे! आमच्या आईने ते दारातूनच परत पाठवले असते. अमेरिकेत ते २ सप्टेंबर १९९५ ला, शनिवारचा मुहूर्त साधून यायचे होते. पण सोनीच्या प्लेस्टेशनच्या धास्तीने सेगाने ११ मे रोजीच लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात जाहीर केले, की यंत्र आजपासून दुकानात आहे, किंमत ३९९ डॉलर. त्याच दिवशी सोनीचा माणूस व्यासपीठावर गेला, ‘२९९’ एवढाच आकडा बोलला आणि खाली उतरला. कॉमर्सच्या चार वर्षांत आम्हाला कुणी इतके छोटे आणि इतके चांगले लेक्चर दिले नाही.

अशा साडेसातीत सॉनिकला त्रिमितीत आणायचे काम अमेरिकेतल्या ‘सेगा टेक्निकल इन्स्टिट्यूट’कडे आले. तिथे ख्रिस सेन रचना करणारे आणि ओफर अलॉन प्रोग्रॅम लिहिणारे. शेवटच्या खलनायकांशी लढाईचा भाग मात्र वेगळा, तो ख्रिस कॉफिन लिहीत होते. एकाच गेमची दोन इंजिने! एका शाखेची दोन लेजरे ठेवली की काय होते, ते मी सांगायला नको. मार्च १९९६ मध्ये जपानहून खुद्द अध्यक्ष हायाओ नाकायामा तपासणीला आले. मुख्य गेम बघून साहेबांचे तोंड वाकडे झाले. लढाईचा तुकडा बघून ते खूश झाले आणि म्हणाले, सगळा गेम असाच करा.

हेड ऑफिसचे साहेब असेच असतात. वर्षभर पत्राला उत्तर नाही, आणि एका दुपारी येऊन म्हणतात, सगळ्या शाखेचा रंग त्या कपाटासारखा करा. त्यांची नजर वाईट असते असे नाही. कपाट खरोखरच चांगले असते. पण रंगारी एकच, आणि ३१ मार्च जवळ आलेला.

इथे ३१ मार्च म्हणजे नाताळ होता. कॉफिन ऑफिसातच मुक्कामाला गेले. मदतीला सेगाच्याच ‘नाइट्स’ या गेमचे इंजिन मिळाले, पण ते बनवणारे जपानातले युजी नाका यांनी हरकत घेतल्याचे सांगतात. दोनेक आठवड्यांत ते परत करावे लागले. उसना पाटा घेऊन वाटण अर्धे झाले, तोच शेजारीण दारात उभी! पुढे कॉफिन यांना न्यूमोनियाने गाठले. सेन इतके आजारी पडले, की डॉक्टरांनी सहा महिन्यांची मुदत दिली, असे त्यांनीच नंतर सांगितले आहे. ते वाचले. गेम वाचला नाही. नाताळात सॅटर्नवर ‘सॉनिक थ्रीडी ब्लास्ट’ हा दुसऱ्याच यंत्रासाठी केलेला गेम आणून बसवला. मुलीऐवजी तिची मावसबहीण बोहल्यावर.

या माणसांच्या आजारपणावर मला विनोद सुचत नाही. आमच्याकडेही वर्षअखेरीला रात्री अकरापर्यंत बसणारे आहेत. पण लेजर जुळले की जुळले, दुसऱ्या दिवशी कुणी म्हणत नाही, की आता हेच दुसऱ्या वहीत लिहा. इथे एक निळा प्राणी वेळेवर धावावा म्हणून दोन तरुण माणसे जवळजवळ संपली होती.

आता परीक्षण. २०१५ साली हौशी मंडळींनी जुन्या फायली मिळवून गेमचे तुकडे चालते केले. माझ्या भाच्याने ते मला भक्तिभावाने दाखवले. त्याच्या मते हा जगातला सर्वोत्तम सॉनिक. मेली म्हैस मणभर दूध देते, हे त्याच्या पिढीलाही लागू आहे तर! त्यात माशाच्या डोळ्यासारखे भिंग लावले आहे. मधले मोठे दिसते, कडेचे वाकून आत डोकावते. दाराच्या भोकातून पाहुणा बघावा तसे सगळे जग. यामुळे पुढचे दिसते खरे, पण पाच मिनिटांत मला लोणच्याची फोड तोंडात धरावीशी वाटली. शिवाय सॉनिक धावतच नाही. हवेत लोंबणाऱ्या ठोकळ्यांवरून तो जपून चालतो, जणू पावसाळ्यात आमचे शेजारी. वेगासाठी जन्मलेल्या पोराला पेन्शनरची चाल देणे हा मूळ दोष, आणि तो नाताळापर्यंत सोडा, पुढच्या गणपतीपर्यंतही निघाला नसता. त्याच वर्षी जूनमध्ये जपानात ‘सुपर मारिओ ६४’ येऊन बसला होता. तो मोकळ्या मैदानात हुंदडतो. हा नळीत अडकलेला.

मात्र एक गोष्ट मानली. सॉनिक भिंतीवर चढला की भिंतच जमीन होते, सगळे जग त्याच्याभोवती गर्रकन फिरते. हे सुचायला डोके लागते. २०१३ मध्ये ‘सॉनिक लॉस्ट वर्ल्ड’मध्ये तशीच नळीसारखी जगे पुन्हा दिसली, आणि तीही ‘वी यू’ नावाच्या आणखी एका बुडीत खात्यावर! सॅटर्न साऱ्या जगात ९० लाखांच्या थोडा वर गेला, प्लेस्टेशन १० कोटींच्या पुढे. २००१ साली सेगाने यंत्रे बनवणेच सोडले.

आणि ज्यांच्या कामावर साहेबांनी तोंड वाकडे केले, त्या अलॉन यांनी पुढे ‘झीब्रश’ हे शिल्पासारखी चित्रे घडवण्याचे सॉफ्टवेअर केले. २०१४ साली ऑस्करवाल्या अकादमीने त्याबद्दल त्यांना तांत्रिक पुरस्कार दिला. हे ऐकून आमच्या हिने विचारले, “मग त्या साहेबांना कळवलं का कुणी?”

भाचा तारे विचारत होता. पाचपैकी दोन दिले. दोन्ही त्या फिरणाऱ्या भिंतींसाठी. तो रागावून जेवायला थांबला नाही.