पुनरुक्तीचा दोष आणि मराठी विद्यार्थी

रिचर्ड मेयर यांचा ‘मल्टिमीडिया लर्निंग’ हा ग्रंथ २००१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सात तत्त्वे होती. २००९ च्या आवृत्तीत ती बारा झाली व २०२० च्या आवृत्तीत पंधरा. तत्त्वांची ही वाढ शास्त्राच्या भरभराटीचे लक्षण मानावे की सैलपणाचे, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवला, तरी ऑनलाइन अभ्यासक्रम रचणाऱ्यांवर या ग्रंथाची जेवढी छाप आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या एखाद्याची असेल. म्हणूनच त्याची तत्त्वे मराठी विद्यार्थ्याला कितपत लागू पडतात, हे तपासणे अगत्याचे ठरते.

ग्रंथाची बैठक भक्कम आहे. पैव्हिओ यांचा द्विसंकेत-सिद्धान्त (१९७१), बॅडली व हिच यांची कार्यस्मृतीची कल्पना (१९७४) आणि स्वेलर यांचा बोधभाराचा विचार (१९८८) यांच्या आधारे मेयर असे प्रतिपादतात की, डोळा व कान या दोन स्वतंत्र वाटा असून प्रत्येक वाट अरुंद आहे. वीज कशी निर्माण होते हे दाखवणारे चलच्चित्र चालू असता निवेदन कानांवर पडले, तर दोन्ही वाटा कामी येतात; तेच निवेदन पडद्यावर छापले, तर चित्र आणि अक्षरे एकाच वाटेवर गर्दी करतात. रंजक परंतु अप्रस्तुत मजकूर गाळावा, हे त्यांचे म्हणणेही निर्विवाद होय. सरकत्या अक्षरांनी आणि पार्श्वसंगीताने नटलेली पाठफीत पाहिलेल्या कोणाही अध्यापकाला ते पटेल.

अडचण येते ती पुनरुक्तीच्या तत्त्वापाशी. चित्र आणि निवेदन असताना निवेदनाचाच मजकूर पडद्यावर पुन्हा देऊ नये, असे हे तत्त्व सांगते. परंतु पुनरुक्ती कोणाच्या दृष्टीने? २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ मंचावरील इंग्रजी व्याख्यान ऐकणारा, मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी घ्या. ज्याच्या कानाला इंग्रजी उच्चारांचा सराव नाही, त्याला पडद्यावरील ओळ ही दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट नसून पुष्कळदा पहिल्यांदाच कळलेली गोष्ट असते. परभाषेत शिकणाऱ्यांच्या बाबतीत आणि चित्राशेजारच्या दोनतीन शब्दांच्या बाबतीत हे तत्त्व शिथिल होते, हे मेयर यांनाही मान्य आहे. मात्र ग्रंथात जो अपवाद आहे तो आपल्याकडील वर्गात बहुधा नियम ठरेल, याची दखल मार्गदर्शिका लिहिणारे घेत नाहीत. दंडीने ‘काव्यादर्शा’त पुनरुक्ताला दोष म्हटले, पण अनुकंपादि भावांचा अतिशय सांगावयाचा असेल तेथे तो दोष नव्हे असेही लगोलग बजावले. अपवादाचे हे भान आधुनिक नियमावल्यांत दिसत नाही.

दुसरे उदाहरण संबोधनाचे. औपचारिक निवेदनापेक्षा संभाषणाच्या ढंगाने शिकणे सुधारते, असे मेयर सांगतात. २००४ च्या एका प्रयोगात श्वसनक्रियेच्या निवेदनात ‘फुप्फुसे’ याजागी ‘तुमची फुप्फुसे’ अशा स्वरूपाचे काही मोजके बदल केले, आणि नवी उदाहरणे सोडविण्यात विद्यार्थ्यांची प्रगती दिसली. इंग्रजीत हे एका सर्वनामाने साधते. मराठीत ‘तू’ म्हणताच क्रियापदाला ‘पाहतोस’ की ‘पाहतेस’ हे ठरवावे लागते आणि अर्धा वर्ग दूर राहतो, ‘तुम्ही’त अंतर आहे, ‘आपण’ हे आदरार्थीही आहे आणि बोलणाऱ्याला ऐकणाऱ्यासह सामावून घेणारेही. यांपैकी कोणते सर्वनाम शिकण्यास साह्य करते, याचे उत्तर इंग्रजी प्रयोगांतून मिळणे अशक्य आहे. भाषांतरकार मात्र सर्रास ‘तुम्ही’ लिहून मोकळा होतो.

प्रयोगांची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. विजेचे ते प्रसिद्ध चलच्चित्र अवघे १४० सेकंदांचे. चाचणीही बहुधा तेथल्या तेथे, आणि चाचणी देणारे मुख्यतः अमेरिकन विद्यापीठांतील विद्यार्थी. एका सत्राच्या अभ्यासक्रमाला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावणे धाडसाचे आहे. याहून मोठा घोटाळा सहा मिनिटांच्या नियमाचा. २०१४ साली गुओ, किम व रुबिन यांनी एडएक्सवरील सुमारे ६९ लाख प्रेक्षणसत्रे तपासून लहान फिती अधिक पाहिल्या जातात असे दाखवले. त्यांनी मोजले ते पाहणे, समजणे नव्हे. मेयर यांच्या खंडतत्त्वाचा घड्याळाशी संबंध नाही. आशयाचा एक टप्पा पुरा झाल्यावर विद्यार्थ्याने स्वतः पुढे जावे, एवढेच ते सांगते. विजेचे ते चलच्चित्र १६ खंडांत तोडले होते ते याच हेतूने. सिद्धतेच्या मध्यावर सहावे मिनिट संपले म्हणून फीत कापणे हा या तत्त्वाचा विपर्यास आहे.

हा वाद प्रयोगाने सुटण्याजोगा आहे आणि त्याला फारसा खर्चही नाही. एकच इंग्रजी व्याख्यान तीन गटांना दाखवावे: एकाला उपशीर्षकांविना, दुसऱ्याला इंग्रजी उपशीर्षकांसह, तिसऱ्याला मराठी उपशीर्षकांसह. प्रत्येक गटात मराठी व इंग्रजी माध्यमाचे विद्यार्थी सारख्या प्रमाणात असावेत, आणि चाचणी त्याच दिवशी न घेता आठवड्याने घ्यावी.